दाजींची लाँग रेंज रायफल: पार्ट निवडायच्या नोंदी

८ जून

एक्सेलची फाइल उघडली. कॉलम असे: पार्ट, वजन, किंमत, कशाला बसतो, कशाला बसत नाही. शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा, टूलरूममध्ये काम केलेल्याला हे सांगायला नको.

आधीचं एकदाच लिहून ठेवतो. ताई-दाजी मोंटानात बोझमनला असतात, ग्रीन कार्ड झालंय, दाजी ऑफिसातल्या लोकांबरोबर एल्कच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीला जायला लागलेत, आत्तापर्यंत उसनी रायफल घेऊन. आता स्वतःची पाहिजे, आणि तीही दुकानातली तयार नको, एकेक पार्ट निवडून बनवलेली, लांब पल्ल्याची. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत ग्राइंडिंगच्या कामात, बोअर, रनआउट, मायक्रॉन हे आमचं रोजचंच, म्हणून फोन मला. इकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आणि शस्त्र कायद्यात बंदुकीचा सुटा पार्टसुद्धा शस्त्रातच धरतात, त्यामुळे "तुझ्याकडे मशीन आहेच तर एखादा पार्ट काढून पाठव की" हे दाजींचं म्हणणं पहिल्याच फोनवर बाद केलं. माझ्याकडे फक्त एक्सेल आणि डोकं. जोडणी तिकडचा गनस्मिथ करणार.

आईला सांगितलंय दाजी दुर्बीण घेतायत. तसं अर्धं खरंच आहे.

११ जून

दाजींची यादी आली. टायटॅनियम अ‍ॅक्शन (काडतूस आत घेऊन बंद करणारा मधला भाग), कार्बन बॅरल (नळी), ७ एमएम पीआरसी काडतूस, २५ पट झूमचा स्कोप, वर मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, धक्का कमी करणारा तुकडा). म्हणजे व्हिडिओत जे जे चमकतं ते सगळं. एकेक पार्ट घेतला तर वाईट काहीच नाही पण एकमेकांशी त्यांचा काय संबंध ते यादीत कुठेच नाही, आणि किती लांबून मारणार हा आकडाच नाही.

मी म्हटलं दाजी उलटीकडून येऊ. गोळी जनावरापाशी पोचते तेव्हा तिच्यात काय शिल्लक असतं तिथून सुरुवात करायची, त्यावरून गोळी ठरते, गोळीवरून काडतूस आणि ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ), काडतुसावरून बोल्ट फेस (काडतुसाचं बूड धरणारं बोल्टचं तोंड) आणि मॅगझिनची लांबी, त्यावरून अ‍ॅक्शन, अ‍ॅक्शनवरून स्टॉक (खांद्याला लावायचा दस्ता). अ‍ॅक्शन आधी घेतली की बाकी सगळं तिच्या मागे फरपटत जातं. दाजी म्हणाले बरं बाबा, तू कर. पण आवाजात नाराजी होती.

१४ जून

आकडे बसवले. ऊर्जा काढायला तिकडची रीत अशी की गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, वजन गुणिले वेगाचा वर्ग भागिले ४५०२४०, उत्तर फूट-पाउंडमध्ये. तीन काडतुसांची नळीच्या तोंडाशी:

६.५ क्रीडमूर, १४३ ग्रेन, २७०० चा वेग: २३१५
६.५ पीआरसी, तीच १४३ ग्रेनची गोळी, २९६०: २७८३
७ एमएम पीआरसी, १७५ ग्रेन, ३०००: ३४९८

एल्कसाठी लागल्या जागी १५०० फूट-पाउंड उरले पाहिजेत असं तिकडे जुने लोक धरतात. हा अंदाजाचा ठोकताळा आहे, शास्त्र नाही, खरं काम गोळी आत जाऊन नीट फुलते का यावर असतं आणि फुलायला ठरावीक वेग लागतो. पण हिशोबाला कुठेतरी रेघ मारावी लागते. हॉर्नेडी या काडतूस कंपनीच्या टेबलात क्रीडमूर ४०० यार्डांना १४७० च्या आसपास येते, म्हणजे रेघेच्या जरा खालीच. ६.५ पीआरसी ५०० यार्डांना १६०० च्या आसपास. ७ एमएम तर त्याच्याही बरंच पुढे जाते.

मग खरा प्रश्न विचारला, दाजी किती लांबून मारणार? उत्तर आलं, हजार यार्ड. मी विचारलं आत्तापर्यंत सगळ्यात लांबचा कितीवरून? उत्तर, दोनशे.

१५ जून

दुपारच्या सुट्टीत युनिटच्या गेटवर उभा राहिलो आणि मोबाइलच्या मॅपवर समोरच्या सरळ रस्त्याचं अंतर मोजलं. ४५० यार्ड म्हणजे ४११ मीटर, ते जातं पार कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत. तिथे एकाने अ‍ॅक्टिव्हा लावली होती, डिक्की कुठली आणि सीट कुठली ते कळत नव्हतं. फोटो काढून दाजींना पाठवला, खाली लिहिलं हे ४५०, आता हजारचा विचार करा.

संध्याकाळी रिप्लाय आला, "ठीक आहे, ४५०."

हाच आकडा फाइलच्या पहिल्या ओळीत लाल रंगात टाकला. यापुढे जो पार्ट ४५० साठी लागत नाही तो उडणार.

१९ जून

क्रीडमूर की पीआरसी. क्रीडमूर २००७ ची, काडतूस गावोगावी मिळतं, धक्का कमी, सराव स्वस्त. मला स्वतःला तीच आवडते आणि ३५० यार्डांचा आकडा असता तर पुढे वाचलंच नसतं. पण ४५० ला ती रेघेच्या खाली जाते. ७ एमएम पीआरसी २०२२ ची, ताकद भरपूर, पण ९ पाउंडांच्या रायफलमध्ये तिचा धक्का माझ्या हिशोबाने क्रीडमूरच्या दुप्पट येतो, २४-२५ फूट-पाउंड. दाजींचं वजन ६२ किलो. असा धक्का चार वेळा बसला की माणूस नकळत ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, आणि मग मायक्रॉनमध्ये बनवलेल्या बॅरलचा उपयोग काय.

६.५ पीआरसी २०१८ ची, धक्का १६-१७ च्या घरात. मधली वाट. फायनल.

आणि एक, हे सगळे टेबल समुद्रसपाटीचे. दाजी जिथे जातात ते डोंगर ७००० फुटांच्या पुढे, तिथे हवा जवळपास पाचव्या हिश्श्याने पातळ, त्यामुळे वाटेत गोळीचा वेग कमी घटतो. म्हणजे थोडं आपल्या पदरात पडतं. ते मी हिशोबात धरलं नाही, राखीव ठेवलं.

२६ जून

पाऊस चांगला लागलाय, दिवसभर लाइट ये-जा, त्यामुळे काम कमी आणि या फाइलला वेळ भरपूर.

आज मॅगझिनचा गुंता. हा कुणी व्हिडिओत सांगत नाही. ६.५ पीआरसीला लोक शॉर्ट अ‍ॅक्शनचं काडतूस म्हणतात, पण तिची पूर्ण लांबी स्टँडर्डप्रमाणे २.९५५ इंच. शॉर्ट अ‍ॅक्शनला जे साधं एआयसीएस पद्धतीचं मॅगझिन लागतं ते .३०८ काडतुसाच्या मापाचं, आत जागा साधारण २.८८. म्हणजे काडतूस बसतच नाही. मग पुढची पट्टी काढलेलं खास मॅगझिन घ्या, किंवा मीडियम अ‍ॅक्शन घ्या, किंवा सरळ लाँग अ‍ॅक्शन.

खास मॅगझिनवर माझा विश्वास नाही, कारण जेमतेम जागेत काडतुसाचं टोक घासत राहणार आणि नेमकं उणे पंधरात हातमोजे घालून अडकणार. मीडियम अ‍ॅक्शन सुबक असते, बोल्ट कमी ओढावा लागतो. पण लाँग घेतली तर एक दार उघडं राहतं: ६.५ पीआरसी आणि ७ एमएम पीआरसी दोघींचा बोल्ट फेस एकच, मॅग्नम, .५३२ इंच. ७ एमएमची लांबी ३.३४०, ती फक्त लाँगमध्येच बसते. म्हणजे उद्या दाजींचा हात बसला, मोठी पाहिजे वाटली, तर फक्त बॅरल बदलायचं, बाकी रायफल तीच. थोडे औंस वाढतील, बोल्ट अर्धा-पाऊण इंच जास्त ओढावा लागेल. चालेल. छोट्या काडतुसाला लांब मॅगझिनमध्ये मागून स्पेसर टाकतात, गनस्मिथला विचारून घेतलं, तो म्हणाला रोजचं काम आहे.

दाजींना हे एकदम पटलं, कारण यात ७ एमएम अजून मेलेली नाही.

२९ जून

अ‍ॅक्शन. अट एकच, रेमिंग्टन ७०० च्या मापाची पाहिजे. ती रायफल १९६२ ची, पण तिचा तळ, स्क्रूच्या जागा, ट्रिगरचा खाचा हे सगळं आज तिकडच्या धंद्याचं अलिखित स्टँडर्ड झालंय, स्टॉकवाले, ट्रिगरवाले सगळे त्याच मापाने बनवतात. टायटॅनियम काढून टाकलं, वाचतात थोडे औंस आणि पैसे भरमसाट जातात.

झर्मॅट आर्म्सची ओरिजिन निवडली, स्टीलमधली, लाँग. दोन कारणं. बोल्टचं डोकं वेगळं निघतं, आणि अ‍ॅक्शनची मापं इतक्या टाइट टॉलरन्समध्ये ठेवलेली असतात की बॅरल आधीच चेंबर करून (काडतुसाची जागा कोरून), शोल्डर काढून घेता येतं, गनस्मिथने फक्त बसवायचं आणि हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) तपासायचा. गो आणि नो-गो गेज, आपल्याकडे प्लग गेजने बोअर तपासतो तोच प्रकार. इथे गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. हे वाचून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की काय सांगू.

कागदपत्रांचं: अमेरिकेत सीरियल नंबर असलेला हा एकच पार्ट कायद्याने बंदूक. तो परवानाधारक डीलरकडेच येणार, दाजींनी तिथे फॉर्म ४४७३ भरायचा, बॅकग्राउंड चेक, मग ताब्यात. बाकी बॅरल, ट्रिगर, स्टॉक कुरिअरने घरी. बॅरल घरी येतं आणि अ‍ॅक्शन येत नाही हे ताईला अजून पटलेलं नाही.

५ जुलै

बॅरल. पैसे इथे घालायचे हे पहिल्यापासून ठरलेलं, बाकी कुठे काटकसर केली तरी चालेल.

रायफलिंग पाडायच्या दोन मुख्य पद्धती. बटन रायफलिंगमध्ये कार्बाइडचं बटन बोअरमधून दाबून ओढतात, धातू सरकतो, काम झटपट, पण आत ताण राहतो, तो नंतर स्ट्रेस रिलीव्ह करून काढावा लागतो. कट रायफलिंगमध्ये एक छोटा हुक दर फेरीला अगदी थोडा धातू खरवडतो, एकेक खाच, शेकडो फेऱ्या, वेळखाऊ पण ताण जवळजवळ नाही. बार्टलाइन, क्रीगर हे कटवाले. लिल्या बटनवाले आणि तेही मोंटानाचेच. चांगल्या कारखान्याची दोन्ही चांगलीच मारतात, पण बॅरल बारीक असेल आणि नंतर बाहेरून टर्निंग करायचं असेल तर मी कटकडे झुकतो, कारण ताण असलेल्या जॉबवरून एका बाजूने धातू काढला की तो कसा वाकतो हे मी रोज बघतो.

मटेरियल ४१६आर स्टेनलेस. कार्बन गुंडाळलेलं बॅरल दाजींना फार पाहिजे होतं, प्रूफ रिसर्च तर त्यांच्याच राज्यातली. कार्बनचा फायदा खरा आहे, जाड आणि ताठ बॅरल कमी वजनात मिळतं. पण एल्कवर एक गोळी झाडायची, फार तर दोन. दहा-दहा गोळ्यांच्या स्ट्रिंगसाठी लागणारा ताठपणा इथे कशाला. त्या पैशात सरावाची काडतुसं किती येतील ते शेजारच्या सेलमध्ये टाकून दिलं, मग वाद झाला नाही.

ट्विस्ट १:८, म्हणजे आठ इंचांत एक फेरा. गंमत म्हणून हिशोब केला: २९६० च्या वेगाला गोळी मिनिटाला २ लाख ६६ हजार आरपीएमने फिरते. आमच्या इंटर्नल ग्राइंडिंगच्या स्पिंडलला साठ हजार म्हटलं तरी ऑपरेटर लांब उभा राहतो.

१३ जुलै

रविवार. देवळाली कॅम्पला सुभेदार काकांकडे गेलो, तोफखान्यातून रिटायर झालेत, बाबांचे मित्र. फाइल दाखवली. त्यांनी बॅरल, अ‍ॅक्शन काहीच बघितलं नाही, विचारलं, काडतुसातल्या दारूचं तापमान कुठाय?

तोफेच्या टेबलात हवेचं तापमान वेगळं आणि चार्जचं, म्हणजे दारूचं, तापमान वेगळं धरतात. चार्ज थंड तर वेग कमी, गोळा अलीकडे पडतो. दाजी झिरो करणार (स्कोपचं निशाण गोळीशी जुळवणार) ऑगस्टमध्ये तीस डिग्रीत आणि शिकार नोव्हेंबरात, उणे दहा-पंधरात. फाइलमध्ये नवीन शीट: त्याच काडतुसांचा वेग उन्हाळ्यात आणि थंडीत, दोन्ही वेळा क्रोनोग्राफवर मोजायचा. तापमानाने कमी हलणारी पावडर असलेली काडतुसं शोधायची.

मग वाऱ्यावर बोलणं गेलं. १० मैल वेगाचा आडवा वारा ५०० यार्डांना ही गोळी फूटभराहून जास्त ढकलतो. एल्कचा मर्माचा भाग सव्वा ते दीड फूट. म्हणजे मधोमध धरलं आणि वारा ओळखण्यात निम्मी चूक झाली तरी काठावर. काका म्हणाले, "आमच्याकडे वाऱ्यासाठी फुगे सोडायचे, तुझे दाजी काय सोडणार?" काकूंनी भजी आणली म्हणून विषय तिथेच राहिला.

२० जुलै

स्कोप. इथे मी हरलो, नोंद करून ठेवतो.

माझं म्हणणं, निशाण सरकवायचं माप मिलिरेडियन घ्या. एक क्लिक ०.१ मिल, १०० मीटरवर बरोबर १ सेंटीमीटर, चौथीतल्या पोराला कळेल. एमओए या दुसऱ्या मापात एक क्लिक पाव एमओए, १०० यार्डांवर ०.२६ इंच, हे काय माप झालं. पण दाजींच्या ग्रुपमध्ये सगळे यार्ड आणि एमओएवाले, शेजारचा माणूस "दोन एमओए उजवीकडे" ओरडला तर दाजी तिथे गुणाकार करत बसणार का? मुद्दा बरोबर आहे. एमओए.

झूम. ४५० यार्डांना १५ पट पोटभर झाली. लुपोल्डचे दोन समोर होते, मार्क ५एचडी ३.६-१८ आणि व्हीएक्स-५एचडी ३-१५. पहिला दणकट पण साधारण २६ औंस, शिवाय त्याची ट्यूब ३५ मिलिमीटरची, स्कोप धरायच्या रिंगा त्याच मापाच्या लागतात, ३४ च्या चालत नाहीत, आणि दुकानात भरलेल्या असतात ३० आणि ३४ च्या. दुसरा २० औंसांच्या आत, ट्यूब ३०. दुसरा घेतला. सेकंड फोकल प्लेन आहे, म्हणजे झूम कमी-जास्त केली तरी रेटिकल (आतल्या निशाणाच्या रेघा) तेवढंच दिसतं, संध्याकाळच्या अंधूक उजेडात ३ पटवर जाड रेघ डोळ्याला सापडते. फर्स्ट फोकलमध्ये तीच रेघ केसासारखी बारीक होते.

स्कोपच्या बेसचे स्क्रू ८-४० पाहिजेत असं लिहून ठेवलं, जुने ६-४८ बारीक असतात. एकूणच या इंची आट्यांनी डोकं उठलंय: मझलला ५/८-२४, बॅरलला १ १/१६-१६, अ‍ॅक्शन स्क्रूला १/४-२८. एका रायफलीत इतके आटे.

२ ऑगस्ट

स्टॉक. दाजींची उंची ५ फूट ५, तयार स्टॉकची लेंग्थ ऑफ पुल, म्हणजे ट्रिगरपासून बटच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण साडेतेरा इंच. नुसत्या शर्टावर ठीक वाटतं, पण शिकारीला अंगावर जाड जॅकेट, त्यावर नारंगी व्हेस्ट (मोंटानात कमरेच्या वर किमान ४०० चौरस इंच नारंगी दिसलं पाहिजे असा नियमच आहे).

व्हिडिओ कॉलवर मोजलं. दाजी भर ऑगस्टात पार्का घालून हॉलमध्ये, हातात उसनी रायफल, बोल्ट उघडा, चेंबर रिकामं तीनदा दाखवायला लावलं. ताई शिंप्याचा टेप घेऊन. पहिल्याच वेळी बट काखेत अडकली, खांद्यावर यायलाच तयार नाही. पॅडऐवजी खाली वह्या लावून बघत बघत १२.७५ इंचांवर रायफल एका हालचालीत खांद्याला आली आणि डोळा बरोबर स्कोपच्या मागे. ताई घामाघूम झालेल्या दाजींकडे बघून म्हणाली एवढ्या खर्चात वर्षाचं मटण आलं असतं.

कार्बन फायबरचा स्टॉक, आत अ‍ॅल्युमिनियमचे पिलर, बेडिंग (अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये घट्ट बसवणं) गनस्मिथ करणार. अ‍ॅक्शन स्क्रू ६५ इंच-पाउंड, आपल्या ७.३ न्यूटन-मीटर. रिंगांचे वरचे स्क्रू १८, म्हणजे २ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच घ्या हे मोठ्या अक्षरांत लिहिलंय, हाताच्या अंदाजाने नको.

९ ऑगस्ट

ट्रिगर: ट्रिगरटेक, अडीच पाउंडांवर. स्पर्धेवाले याहून खूप हलका ठेवतात पण हातमोज्यात बोटाला अंदाज येत नाही. सेफ्टी पाहिजेच. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

मझल ब्रेक उडवला. धक्का कमी होतो पण आवाज बाजूच्या माणसाच्या कानात जातो, आणि ब्रेक लावून झिरो केलं आणि काढून मारलं तर गोळी दुसरीकडे लागते. ६.५ पीआरसी त्याच्याशिवाय झेपते, म्हणून तर घेतली. आटे पाडून कॅप लावून ठेवायची.

१७ ऑगस्ट

वजनाची बेरीज. आधीच्या यादीने, म्हणजे २४ इंची जाड बॅरल आणि मोठा स्कोप धरून, १५५ औंस, साडेनऊ पाउंडांच्या वर. ठरवलेलं ९ पाउंड, म्हणजे १४४ औंस. बॅरल २२ इंची आणि एक नंबर बारीक केलं, ६ औंस गेले. स्कोपचे ६. आता १४३. अ‍ॅक्शन आणि स्टॉकची वजनं अंदाजाने धरलीत, हातात आल्यावर किचनच्या काट्यावर खरी बघायची.

बॅरल दोन इंच कमी केलं की वेग इंचामागे २०-३० फुटांनी पडतो, म्हणजे २९०० धरायचा. ४५० ला हिशोब परत लावला, १५०० च्या वरच राहतो. डोंगरावरची पातळ हवा राखीव ठेवली होती ती इथे कामाला आली.

२४ ऑगस्ट

गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, रामकुंडाकडे जायला बंदी, दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात. घरी बसून ऑर्डरच्या यादीवरून शेवटचा हात फिरवला. दाजींनी एकच विनंती केली, बोल्टची मूठ तरी कार्बनची घेऊ दे. घ्या म्हटलं.

अ‍ॅक्शन, ट्रिगर, स्कोप, रिंगा लगेच मिळतायत. स्टॉकला थांबायला लागेल. बॅरल या मापात तयार नाही, कारखान्याने सांगितलेली तारीख सीझनच्या पुढची. म्हणजे या नोव्हेंबरात दाजी परत उसन्या रायफलवरच.

३१ ऑगस्ट

दाजी कुरकुर करतायत, तयार बॅरल मिळतंय ते घेऊ का, २६ इंची, जाड. नको म्हटलं, वजन, लांबी सगळं परत वर जाईल. त्यापेक्षा उसनी रायफल घेऊन रेंजवर जा, ३०० यार्डांना वारा बघून अंदाज वहीत लिहा, मग मारा, मग प्रत्यक्षात किती ढकललं ते त्याच ओळीत लिहा. त्यासाठी फाइलमध्ये शीट करून दिलंय: तारीख, तापमान, वाऱ्याचा अंदाज, प्रत्यक्ष.

राहिलेलं: बायपॉड ठरलेला नाही, स्लिंग ठरलेली नाही, बॅरल आल्यावर गनस्मिथकडून हेडस्पेसची नोंद मागवायची. बॅरलचे अ‍ॅडव्हान्स पैसे काल गेले.